प्रधानजींना भात आवडत नाही

मित्रांनो, एक गोष्ट आधीच स्पष्ट करून टाकतो, म्हणजे नंतर वाद नको. मी कावळा नाही. मी डोमकावळा आहे. कावळ्याच्या दुप्पट माझा देह, चोच म्हणाल तर अडकित्त्यासारखी, आणि आवाज असा खर्जातला, की लहान मुलं आईचा हात धरतात. तरी इथे येणारा-जाणारा प्रत्येक मराठी माणूस माझ्याकडे बोट दाखवून म्हणतो, "तो बघ कावळा." मनातल्या मनात चरफडून चरफडून मी थकलो.

मी लंडनच्या टॉवरमध्ये राहतो. थेम्स नदीच्या काठावरचा हा जुना किल्ला. आता मी म्हातारा झालो आहे. पिसांवरची निळी झाक गेली आणि डावा पाय थंडीत कुरकुरतो. म्हणून म्हटलं, आपली कहाणी एकदा आपणच सांगून टाकावी. दुसरे सांगतात त्यात काही ना काही चुकलेलं असतं.

माझा जन्म सॉमरसेटमधल्या एका पक्षी पाळणाऱ्या माणसाच्या पिंजऱ्यात झाला. आई काळी, बाप काळा, भावंडं काळी. त्यात बडबड्या तेवढा मी. कानावर पडलेला आवाज मी हुबेहूब काढायचो. फाटकाची कडी, शेजारणीचा खोकला, मालकाची शीळ. मालक शीळ घालायचा, कुत्रा धावत यायचा. मग मी शीळ घालायचो, तेव्हाही कुत्रा धावत यायचा. चार वेळा असं झालं की कुत्रा रुसून बसायचा. टॉवरला डोमकावळा हवा आहे असं कळल्यावर मालकाने मला इतक्या आनंदाने दिलं, की मला जरा अपमानच वाटला.

इथे आल्यावर मला माझं काम समजलं. या लोकांची एक जुनी समजूत आहे. टॉवरमधले डोमकावळे निघून गेले तर राज्य बुडेल म्हणे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, एवढंच ऐकलं होतं. इथे कावळा उडायला आणि सिंहासन पडायला! म्हणून माझ्या पंखांची पिसं थोडी छाटतात, रोज मांस देतात, रक्तात भिजवलेलं बिस्किट देतात, आणि मी बसून राहतो. बसून राहणं हीच माझी नोकरी. तक्रार करायची तर कुणाकडे, आणि कशाची? पगार पोटात जातो आणि काम काहीच नाही.

पण मित्रांनो, माणसांचा ताप फार आहे. आम्हाला खायला घालू नका, आम्ही चावतो, अशी स्वच्छ पाटी लावली आहे. तरी त्या पाटीखाली उभं राहून लोक मला चिप्स दाखवतात. नाकाजवळ फोन आणतात. एका कोपऱ्यात हिरवळ आहे. ट्यूडर राजांच्या काळात तिथे राण्यांची डोकी उडवली गेली. तिथे दिवसभर घोळके येतात. रोज तीच राणी, तीच तलवार, त्याच जागी तोच विनोद आणि तोच हशा. जिथे बायका मेल्या तिथे हसायचं काय असतं, हे मला अजून कळलेलं नाही.

या सगळ्या रटाळ गर्दीत एक माणूस वेगळा निघाला. डॉक्टर जयंतराव. त्यांचं उभं आयुष्य लीड्सच्या एका हॉस्पिटलात गेलं होतं. मुलगा अंबरीश रीडिंगला एका सॉफ्टवेअर कंपनीत. सुट्टीत मुलाकडे आले की नातीला, वरदाला, घेऊन ते ट्रेनने इथे यायचे. बरोबर त्यांच्या पत्नी, वीणाताई. हिरवळीजवळच्या बाकावर तिघं बसायची, वीणाताई थर्मासमधला चहा ओतायच्या, आणि जयंतराव गोष्ट सांगायला लागायचे.

गोष्ट ट्यूडर दरबाराची. पण सांगायचे अशी, की जणू त्यांच्याच वॉर्डातलं राजकारण आहे. राजा आठवा हेन्री. त्याच्या पायाला जखम, ती चिघळलेली. डॉक्टर माणूस, त्या जखमेचं ते इतक्या तब्येतीत वर्णन करायचे की वीणाताई हातातलं सँडविच खाली ठेवायच्या. "अहो, पोरगी खातेय," एवढंच म्हणायच्या. जखमेला घाण वास यायचा, आणि सगळा दरबार म्हणायचा, महाराज, आज कसं प्रसन्न वाटतंय! कुणी नाक मुरडलं की दुसरा लागलीच राजाकडे त्याची चुगली करायचा. जो राजाचे कान आधी भरेल तो वाचणार, ज्याचं नाव आधी निघेल तो जाणार. जयंतराव म्हणायचे, या दरबारात तलवारीने कमी माणसं मेली, जिभेने जास्त.

त्यांच्या गोष्टीत मार्जरी नावाची एक मुलगी होती. राणीचे केस विंचरणारी. ती खरी होती का, असं वरदाने विचारलं तेव्हा ते सरळ म्हणाले, नाही, इतिहासात ती नाही, ती माझी आहे. आणि राणी? या राजाच्या राण्या सहा झाल्या, ही त्यातली कितवी? तर म्हणाले, ही सातवी. ही पण माझी.

त्याच गोष्टीत राजाचा एक प्रधान होता. महाकारस्थानी. पडद्याआड, दाराआड, कुठेही उभा राहून ऐकायचा. एकदा मी कठड्यावर बसून गोष्ट ऐकत होतो, तर जयंतराव माझ्याकडे बघून म्हणाले, "या, प्रधानजी." वरदा खुदकन हसली. तेव्हापासून मी प्रधानजी. आधी राग आला. पण निदान कावळा तरी म्हणाले नाहीत.

त्यांची एक खोड होती. गोष्ट ऐन रंगात आली की थांबायचे, भुवया वर करायचे आणि वरदाला विचारायचे, "मग?" म्हणजे पुढे काय झालं असेल ते तू सांग. आवाज जरा कफ दाटल्यासारखा, 'ग'वर किंचित रेंगाळणारा. पोरगी तिच्या इंग्रजी-मराठी खिचडीत काहीतरी ठोकून द्यायची. कधी ते म्हणायचे, छे, असं नाही झालं. कधी म्हणायचे, अरे, हे माझ्यापेक्षा बरं आहे, हेच झालं! आणि खरंच गोष्ट तिकडे वळवायचे.

वरदा मोठी झाली. परीक्षा, कॉलेज, मैत्रिणी. जयंतराव आणि वीणाताई दोघंच यायला लागले. मग तो साथीचा काळ आला आणि कुणीच येईना. मित्रांनो, गर्दीला शिव्या घालणारा मी, पण त्या ओसाड दिवसांत मला अन्न गोड लागेना. रिकाम्या बाकासमोर उभा राहून मी मला काढता येणाऱ्या आवाजांची उजळणी करायचो. फाटकाची कडी. शेजारणीचा खोकला. आणि "मग?" तो बाक काही उत्तर देत नव्हता.

दारं उघडली. जयंतराव आले, काठी टेकत. वरदाही आली. आता ती लंडनमध्ये नोकरी करत होती आणि तिचा फोन सारखा गुरगुरत होता. त्या दिवशी जयंतरावांनी गोष्ट अगदी टोकाला नेली.

झालं होतं असं. मार्जरी राणीचे केस विंचरत असताना राणी बोलून गेली, राजा आता फार दिवसांचा सोबती नाही. राजाच्या मरणाचं नुसतं बोलणं म्हणजे राजद्रोह. ऐकलं फक्त मार्जरीने. पण प्रधानाला कुणकुण लागली. मार्जरीचा भाऊ त्याने आधीच टॉवरमध्ये डांबला होता. त्याने मार्जरीला सांगितलं, राणी काय बोलली ते भर दरबारात सांग, भाऊ सुटेल. गप्प राहिलीस तर भाऊ गेला. दुसऱ्या दिवशी दरबार भरला. सिंहासनावर राजा, शेजारी राणी, समोर मार्जरी. प्रधानाने विचारलं, बोल, काय ऐकलंस?

आणि जयंतराव थांबले. भुवया वर. "मग?"

वरदाने घड्याळ बघितलं. तिला कुणाला तरी भेटायला जायचं होतं. "आजोबा, सॉरी हां, माझा ट्रेन आहे," ती म्हणाली. "एन्डिंग नेक्स्ट टाइम, प्रॉमिस." तिने आजोबांच्या गालाला गाल लावला आणि पळाली. जयंतराव हसले. मी इकडे कठड्यावर जळफळत होतो. अरे, ट्रेन काय, दुसरी येते! मार्जरी उभी आहे तिथे, तिचं काय?

पुढची वेळ आलीच नाही. हिवाळ्यात जयंतराव गेले.

हे मला कसं कळलं? वसंतात एका सकाळी ती सगळी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. वीणाताई, अंबरीश, त्याची बहीण सीमा, ती बेसिंगस्टोकला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर आहे, आणि वरदा. जयंतराव नव्हते, काठी नव्हती. वीणाताईंच्या हातात डबा होता. त्यांच्या बोलण्यावरून मला समजलं ते असं.

या देशात दहावा दहाव्या दिवशी होत नाही. क्रेमेटोरियमची तारीख मिळेल तेव्हा सगळं. विधी अंबरीशच्या बागेत झाले, गुरुजी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर. पिंड ठेवला आणि सगळे कावळ्याची वाट बघत बसले. आता रीडिंगच्या आभाळात कावळ्यांपेक्षा घारी जास्त. एक घार सूर मारून आली आणि पानासकट घेऊन गेली. गुरुजी म्हणाले, हरकत नाही, दर्भाचा कावळा करून शिववा. त्यावर वीणाताई उठून आत गेल्या. "गवताचा कावळा ह्यांना चालायचा नाही," म्हणाल्या. त्यांच्या मनाने घेतलं होतं, की ह्यांचं काहीतरी राहिलंय, आणि ते राहिलेलं कळेपर्यंत आपल्याला झोप नाही. खरंच झोप उडाली होती त्यांची, डोळे आत गेले होते. मग त्यांनाच सुचलं. ह्यांच्या ओळखीचा एक कावळा आहे की!

म्हणजे मी. झालं, पुन्हा कावळा.

आमचा रखवालदार आला. खायला घालायचं नाही, असं त्याने नम्रपणे सांगितलं. सीमाने त्याला बाजूला घेऊन बरंच काही सांगितलं. त्याने एकदा वीणाताईंकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि तो एका शाळेच्या घोळक्याला रांगेत उभं करायला निघून गेला.

वीणाताईंनी बाकाच्या टोकावर पान मांडलं. भाताचा पिंड, वर दही आणि काळे तीळ. शेजारी उडदाचा वडा. आणि एक कस्टर्ड क्रीमचं बिस्किट, कारण जयंतरावांना चहाबरोबर तेच लागायचं. मी जवळ गेलो. वास घेतला. भात! मित्रांनो, मी मांसावर वाढलेला प्राणी. भात मला मुळीच आवडत नाही. पांढरा, गिळगिळीत, चोचीला चिकटतो. वड्यावर माझा डोळा होता, पण चार माणसं श्वास रोखून बघत असताना कुणाच्या घशाखाली घास उतरेल? मी मागे सरकलो.

वीणाताईंचा चेहरा उतरला. "बघा, राहिलंय काहीतरी," त्या एवढंच म्हणाल्या.

मग दरबार भरला. अंबरीश माझ्याजवळ उकिडवा बसला आणि हळूच पुटपुटला, अप्पा, काळजी करू नका, आई आमच्याकडे रीडिंगलाच राहील, खालची खोली मी तयार करून घेतलीय, लीड्सचं घर काढून टाकू. तो उठला, तशी सीमा दुसऱ्या बाजूने आली. तीही पुटपुटली. अप्पा, दादाचं मनावर घेऊ नका, तो दिवसभर मीटिंगमध्ये असतो, आईचं ब्लड प्रेशर मीच बघू शकते, ती माझ्याकडे येईल. एक डाव्या कानाला, एक उजव्या कानाला. अरे, मी पक्षी आहे! कान भरायला मी काय खरोखरचा प्रधान आहे? मग दोघं बाजूला जाऊन दबक्या आवाजात भांडली. तू अप्पांना काय सांगितलंस? तू काय सांगितलंस? आणि ज्यांच्यावरून हे सगळं चाललं होतं त्या वीणाताई हातभर अंतरावर बसल्या होत्या. त्यांचे कान चांगले शाबूत आहेत. पण त्या पानाकडे बघत होत्या, आणि त्यांच्याकडे कुणीच बघत नव्हतं.

शेवटी वरदा आली. फोन तिने बॅगेत टाकला होता. ती जमिनीवरच बसली, माझ्यासमोर, आणि रडायला लागली. "आजोबा, सॉरी," ती म्हणाली. "मी थांबायला पाहिजे होती. एन्डिंग मला माहितीच नाही."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आणि त्याहून जास्त मी वैतागलो. कारण मलाही माहीत नव्हतं! किती हिवाळे मी ती गोष्ट ऐकली, मार्जरीला दरबारात उभं केलं, आणि ही पोरगी माझ्यापुढे बसून सॉरी म्हणतेय. पुढे बोल ना. माझा धीर सुटला आणि तोंडून निघून गेलं.

"मग?"

आवाज त्यांचा. तोच कफ, तोच रेंगाळणारा 'ग'.

सीमाने अंबरीशचा दंड धरला. वीणाताई अर्ध्या उठल्या आणि पुन्हा बसल्या. आता सांगतो, त्यात दैवी-बिवी काही नव्हतं. ऐकलेला आवाज काढला, एवढंच. पण वरदा माझ्याकडे बघत राहिली, आणि तिचं रडणं हळूहळू थांबलं. तिला कळलं. आजोबा तेव्हाही तिला तेच विचारत होते. पुढचं तूच सांग.

ती बाकावर आजीशेजारी बसली आणि बोलायला लागली. तिचं मराठी कसं आहे तुम्हाला माहीतच आहे, पण मी एक शब्द सोडला नाही. ती म्हणाली, मार्जरी खूप घाबरली होती. खरं बोललं तर राणी मरणार, खोटं बोललं तर भाऊ. मग तिने बघितलं, की सगळे तिलाच विचारतायत, आणि राणी तिथेच बसलीय. "तर ती म्हणाली, मला का विचारता? राणी इथे आहे. तिला विचारा ना."

"अँड नोबडी हॅड," वरदा म्हणाली. "कुणी विचारलाच नव्हता तिला." मग राणी उभी राहिली. म्हणाली, हो, मी बोलले. रोज रात्री त्याचा पाय मी धुते. तुम्ही सगळे नाक धरून लांब उभे राहता आणि म्हणता छान वास येतो. मला माहितीय तो जाणार. आणि मला त्याचं वाईट वाटतं, म्हणून बोलले. राजा खूप वेळ आपल्या पायाकडे बघत बसला. खरं बोलणारं माणूस त्याला किती वर्षांनी भेटलं होतं. मग त्याने मार्जरीच्या भावाला सोडून द्यायला सांगितलं, आणि राणीला विचारलं, तुला काय पाहिजे?

इथे वरदा अडली. ती आजीकडे वळली. "आजी, राणी काय म्हणाली असेल?"

वीणाताईंनी पदराने, म्हणजे पदर नव्हता, कोटाच्या बाहीने डोळे पुसले. शेवटचे महिने जयंतरावांचं सगळं त्यांनीच केलं होतं, हे मला त्यांच्या हातांकडे बघून कळलं. अंबरीश आणि सीमा बाकासमोर उभे होते.

"राणी म्हणाली," वीणाताई सावकाश म्हणाल्या, "मला माझ्या घरी राहू द्या. लीड्सला. तिथे माझ्या मैत्रिणी आहेत, लायब्ररी आहे, ह्यांची खुर्ची आहे. मला कुणाकडे जायचं नाही. मागचं दार नीट लागत नाही, तेवढं कुणीतरी येऊन दुरुस्त करा."

अंबरीश काहीतरी बोलणार होता. सीमाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग तो म्हणाला, "पुढच्या शनिवारी येतो, आई." सीमा म्हणाली, मी पण.

गोष्ट संपली होती. आता मला सपाटून भूक लागली. मी पुढे झालो. आधी वडा घ्यावा असं मनात होतं, पण वीणाताई पिंडाकडेच बघत होत्या. काय करणार? डोळे मिटले आणि भातात चोच घातली. दही आंबट होतं, तीळ घशात अडकले. चार माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडली. मी बिस्किट उचललं आणि कठड्यावर गेलो.

मित्रांनो, आता मी फार दिवसांचा सोबती नाही. हे बोलणं राजद्रोह असेल तर असो. जाता जाता एवढंच मागणं आहे. ट्रेन दुसरी येते, गोष्ट ऐकून मग जा. घरात कुणासाठी काही ठरवत असाल तर आधी त्या माणसाला विचारा, तो तिथेच बसलेला असतो. माझ्या कानात पुटपुटू नका. आणि पाटी वाचा.

वीणाताई अजून येतात. लीड्सहून एकट्या, ट्रेनने. बाकावर बसतात, थर्मास उघडतात, आजूबाजूला कुणी नाही असं बघतात आणि म्हणतात, "बोला, प्रधानजी." इतरांनी फर्माईश केली तर मी पाठ फिरवतो. पण त्यांच्यापुढे माझं काही चालत नाही.

"मग?" मी म्हणतो.

त्या डोळे मिटून घेतात. चहाचा एक घोट घेतात. मग माझ्याकडे न बघता, बाकाच्या रिकाम्या बाजूला वळून सांगायला लागतात.

"मग काय, दार दुरुस्त झालं."

आणि तिथून पुढे त्यांची आठवड्याची सगळी हकिगत येते, अगदी शेवटपर्यंत. मी कठड्यावर बसून ऐकतो.